माशीला हात लावायच्या आधी: ठासणीच्या रायफलचा नेम कसा बसवतात

कोकणात भात पोटरीला आलं की रानडुकरं शेतात उतरतात आणि वर्तमानपत्रांत ठासणीच्या बंदुकांच्या बातम्या दिसू लागतात. कुठे शेतसंरक्षणासाठी परवान्याची मागणी, कुठे बिनपरवान्याची बंदूक जप्त. त्या दिवसांत गावाहून मावसभावाचा फोन आला की विषय तिथेच जातो. मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, लँकेस्टरजवळ राहतो. इथे 1974 पासून नाताळ झाला की खास चकमकीच्या बंदुकांचा शिकारीचा हंगाम असतो, हे त्याला माझ्याकडूनच कळलेलं. तो विचारतो, "अरे, त्या बंदुकीची गोळी लागते तरी कुठे? आबांनी भिंतीएवढं निशाण ठेवलं तरी बार बाजूने जायचा."

त्याचं म्हणणं खरं आहे. आबांची बंदूक मीही पाहिली आहे. पण इथे शेजारचे एक सत्तरीतले गृहस्थ तशाच ठासणीच्या, चकमकीवर चालणाऱ्या रायफलने 50 यार्डांवर, म्हणजे सुमारे 46 मीटरवर, पाच गोळ्या नारळाच्या करवंटीत मावतील इतक्या जवळजवळ मारतात, हेही मी समोर उभा राहून पाहिलं आहे. दोन्ही हत्यारं तोंडाकडून भरायची, दोन्हींत काळी दारू, दोन्हींत शिशाची गोळी. मग एवढा फरक कशाने पडतो? थोडा नळीमुळे. पण बराचसा त्या रायफलची चाचणी घेऊन तिचा नेम बसवण्याच्या पद्धतीमुळे. त्या पद्धतीत नेमाच्या खुणांना, म्हणजे नळीवरच्या माशीला आणि खाचेला, हात सगळ्यात शेवटी लागतो, आणि नवख्या माणसाची चूक नेमकी तिथेच होते.

बंदूक वेगळी, रायफल वेगळी

दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालायची आणि लांब काठीने, म्हणजे गजाने, तळापर्यंत ठासायची, म्हणून ठासणीची. नळीच्या तळाशी बाजूला बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानाबाहेरच्या छोट्या वाटीत चिमूटभर बारीक दारू घालतात, ती रंजक. चाप ओढला की घोड्यात धरलेली गारगोटी पोलादी पत्र्यावर घासते, ठिणग्या रंजकीत पडतात, तिची ज्वाळा कानातून आत शिरते आणि मुख्य बार उडतो. कधी रंजक भुर्रकन जळते, पण आतला बार पेटतच नाही. फुसका बार म्हणतात तो असा.

साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत पीळ दिलेल्या चरी असतात, बाटलीच्या झाकणाला असतात तसे आटे, फक्त फार सावकाश वळणारे. गोल गोळीच्या रायफलमध्ये साधारण 48 ते 70 इंचांत एक वेढा पूर्ण होतो. म्हणजे 42 इंची नळीतून जाताना गोळीची एक पूर्ण फेरीही होत नाही. पण 66 इंचांचा पीळ असेल आणि गोळी सेकंदाला 500 मीटर वेगाने सुटली, तर ती हवेत सेकंदाला सुमारे 300 फेऱ्या मारत जाते.

या फेऱ्यांचा उपयोग काय? गुळगुळीत नळीतून जाताना सैल गोळी कधी या बाजूला घासते, कधी त्या बाजूला, आणि बाहेर पडताना कुठल्यातरी अंगाने फिरत सुटते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत बाजूला सरकतो, तशीच तीही सरकते, आणि दर वेळी वेगळ्या दिशेला. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 मध्ये तोफविद्येवर पुस्तक लिहिलं. गोळी वाट सोडते ती या फिरकीमुळे, हे त्याने प्रयोगांनी दाखवलं. (हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून भारतात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही याची मला हळहळ वाटते.) रायफलचे आटे गोळीला एकाच ठरलेल्या अंगाने फिरवतात, जायच्या दिशेच्या आसाभोवती. मग हवेला तिला बाजूला ढकलायला निमित्त उरत नाही.

काडतूस नळीतच तयार होतं

आजच्या रायफलचं काडतूस कारखान्यात बनतं. एका खोक्यातली सगळी काडतुसं सारखी असतात, त्यामुळे नवी रायफल घेतली की लगेच नेमाच्या खुणा जुळवायला बसता येतं. ठासणीच्या रायफलमध्ये काडतूस नसतंच. ते दर बाराला नळीच्या आत, आपल्या हाताने बनतं: दारू किती, गोळी केवढी, तिच्याभोवती कापड कुठलं, त्याला वंगण किती, गज किती जोराने दाबला. यातली एक गोष्ट बदलली तरी बार बदलला.

कापडाचं काम सगळ्यात महत्त्वाचं. गोळी आट्यांना थेट भिडत नाही. मोठ्या नाण्याएवढ्या सुती चिंधीत गुंडाळून ती आत जाते. इथे लोक यासाठी आपल्या गादीपाटासारखं घट्ट विणीचं कापड वापरतात. 50 कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास अर्धा इंच. गोळी 0.490 इंचांची आणि चिंधी 0.015 इंच जाड धरली, तर दोन्ही बाजूंची चिंधी मिळून 0.520 इंच होतात. नळी 0.500 इंचांची. हे जास्तीचं कापड दाबलं जाऊन आट्यांच्या चरींत भरतं. त्यामुळे गोळी आट्यांबरोबर फिरते आणि मागचा वायू पुढे निसटत नाही.

सायकलच्या हातपंपातला चामड्याचा वॉशर आठवा. तो वाळला की दांडा नुसताच खालीवर होतो, हवा भरत नाही. दोन थेंब तेल दिलं की पंप पुन्हा जोर धरतो. चिंधी म्हणजे तोच वॉशर. चरबी, मेणात कालवलेलं तेल किंवा नुसती थुंकी, काहीतरी वंगण तिला लागतंच. काळ्या दारूची जळून निम्म्याहून अधिक घनरूप राख होते; तिच्यातली काही धुराबरोबर बाहेर जाते, बाकीची नळीतच चिकटते. वंगण नसेल तर ती कडक होते आणि तिसऱ्या-चौथ्या बाराला गोळी उतरेनाशी होते.

1857 ची चरबीची काडतुसं आपण शाळेत शिकलो, पण चरबी मुळात कशाला हवी होती हे कुणी सांगितलं नव्हतं. ती एन्फिल्डही ठासणीचीच रायफल होती, 0.577 इंचांची, तीन आट्यांची. तिच्या कागदी काडतुसाचा एक भाग वंगणात बुडवलेला असे, तो याच राखेसाठी. आणि कागद दातांनी फाडायचा, कारण आतली दारू नळीत ओतायची असे. शिपायांचा धर्म जिथे दुखावला गेला, तिथे मुळात ही एवढीशी यांत्रिक गरज होती.

एका वेळी एकच बदल

तर आता चाचणी. भक्कम टेबल, त्यावर वाळूच्या पिशव्या, त्यांवर रायफलचा लाकडी भाग टेकवलेला. नळी टेकवायची नाही, नाहीतर ती उसळते आणि गोळी भलतीकडे जाते. निशाण 25 यार्डांवर. पाच बार मारायचे, आणि पाचही वेळा नेम एकाच ठिपक्यावर. भोकं ठिपक्यापासून कितीही लांब पडली तरी या घडीला त्याची पर्वा करायची नाही. बघायचं ते एवढंच की ती एकमेकांच्या किती जवळ आहेत. या पाच भोकांच्या पुंजक्यालाच मी इथे झुबका म्हणतो.

दारू मापाने घालतात, तराजूने नव्हे. एकक मात्र ग्रेन. 15 ग्रेन म्हणजे जवळपास 1 ग्रॅम. 50 कॅलिबरला 50 ग्रेनपासून सुरुवात करायची ही इथली जुनी रीत. मग पाच-पाच ग्रेनने वर जायचं आणि दर टप्प्यावर नवा झुबका घ्यायचा. रायफल बनवणाऱ्याने छापून दिलेली कमाल मर्यादा कुठल्याही कारणाने ओलांडायची नाही. कुठल्यातरी एका मापाला झुबका आवळतो, आणि त्यापुढे पुन्हा पसरतो. ते माप त्या रायफलचं. शेजारच्या घरातल्या तशाच रायफलचं ते असेलच असं नाही.

"मापाने मोजलं तर कमीजास्त नाही होणार?" हा प्रश्न मीही विचारला होता. आपल्याकडे पूर्वी तांदूळ मापट्याने मोजत. शीग लावून भरलं तर वेगळं, काठाशी सपाट केलं तर वेगळं, आणि मापटं दोनदा आपटलं तर त्यात आणखी मूठभर मावतं. पण एकच बाई रोज त्याच पद्धतीने भरत असेल तर भात रोज तेवढाच होतो. दारूचंही तसंच. माप भरायचं, दर वेळी सारख्याच टिचक्या मारायच्या, वर उरलेलं सपाट करायचं. तेवढं सारखेपण काळ्या दारूला पुरतं.

दारूचं माप ठरलं की चिंधीची जाडी बदलून बघायची, मग वंगण, मग गोळीचा आकार. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि झुबका आवळला, तर कशाने आवळला ते कधीच कळत नाही. घाई करणारे इथेच फसतात. बारांच्या मध्ये ओलसर फडकं गजाला लावून नळी पुसायची, आणि तीही दर वेळी सारखीच: पुसायचं तर प्रत्येक बारानंतर, नाहीतर मुळीच नाही.

पडलेली चिंधी उचलून बघा

सगळ्या पद्धतीतला मला सर्वांत आवडलेला भाग हा. गोळी निशाणाकडे जाते, चिंधी काही पावलांवर गवतात पडते. नेमबाजीच्या रेंजवर बार थांबवल्याची हाळी झाली की माझे शेजारी वाकून चिंध्या वेचतात, टेबलावर ओळीने मांडतात आणि डॉक्टर क्ष-किरणाची फिल्म धरतो तशी एकेक उजेडापुढे धरतात.

चांगली चिंधी कडेने उसवलेली असते, मधोमध गोळी बसल्याचा काळपट गोल असतो, पण कापड शाबूत. धुतली तर पुन्हा वापरता येईल असं वाटावं इतकं. मध्ये जळून भोक पडलं असेल तर वायू गोळीच्या कडेने पुढे निसटला. कापड पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा दारू जास्त झाली आहे. गोलाच्या कडेवर ठरावीक अंतराने सरळ चिरा असतील, फुलाच्या पाकळ्यांसारख्या, तर आट्यांच्या कडांना धार आहे किंवा नळीचं तोंड तीक्ष्ण आहे. नव्या नळीत हे नेहमी होतं. शे-दीडशे बारांनी कडा बोथट होतात. चिंधीच्या चिंधड्याच हाती आल्या तर कापडच कुजकं आहे. धाग्यांची जाळी एका बाजूला सरकलेली दिसली तर गोळी बसवताना चिंधी वाकडी होती.

मी पहिल्यांदा रायफल भरली तेव्हा झुबका चांगला दोन वितींचा पडला. मी नेमाच्या खुणांकडे बोट दाखवलं. शेजाऱ्यांनी काही न बोलता माझ्या हातावर एक चिंधी ठेवली. मधोमध चवलीएवढं भोक, कडा तपकिरी करपलेल्या. मी आणलेलं कापड जुन्या सदऱ्याचं होतं, पातळ आणि विरलेलं. त्यांच्याकडचं गादीपाटासारखं कापड घेतलं, बाकी सगळं तेच ठेवलं, आणि पुढचा झुबका तळव्याखाली झाकला गेला.

पण आधी नेमाच्या खुणाच सरकवल्या तर काय बिघडतं?

बिघडतं असं की आपण ज्याच्यावर उपाय करतो तो रोगच नसतो. नळीच्या टोकावरची नेमाची उभी पट्टी म्हणजे माशी. डोळ्याकडच्या बाजूला असते ती खाच. खाचेतून माशी, आणि माशीवर निशाण, असा नेम धरतात. समजा भोकं वहीच्या दोन पानांवर पसरली आहेत आणि त्यातलं एक डावीकडे लांब आहे. त्याला भुलून खाच सरकवली, आणि पुढचं भोक मूळच्या पसाऱ्यातच उजवीकडे पडायचं होतं, तर ते आणखी उजवीकडे जाणार. मग पुन्हा खाच उलटी सरकवा. संध्याकाळपर्यंत दारू संपते आणि खाच होती तिथेच येते. पसरलेली भोकं नेमाबद्दल काहीच सांगत नाहीत. ती सांगतात की प्रत्येक बार वेगळा होता.

एकच गोळी फार लांब गेली तर? ती मोजायची, आवडली नाही म्हणून वगळायची नाही. मात्र चाप ओढताना हात हलला हे बार उडताक्षणी, भोक बघायच्या आधी, स्वतःशी कबूल केलं असेल तर तो बार पुन्हा मारावा. आधी भोक बघून मग हात हलल्याचं आठवणं ही फसवणूक आहे.

कानस हातात घेण्याचा दिवस

झुबका आवळला, दोन वेगळ्या दिवशी तसाच पडला, की नेमाच्या खुणांची वेळ आली. आडवी चूक खाचेने काढतात. खाच नळीवरच्या तिरप्या खोबणीत घट्ट बसवलेली असते; पितळी खिळ्यावर हलके ठोके देऊन ती सरकते. नियम असा: गोळी जिकडे न्यायची तिकडे खाच न्या. भोकं उजवीकडे पडत असतील तर खाच डावीकडे. ठोके देण्याआधी खाच आणि नळी दोन्हींवर मिळून पेन्सिलीची एक बारीक रेघ मारावी, म्हणजे किती सरकली ते दिसतं.

उभी चूक माशीने काढतात, आणि इथे नियम उलटा वाटतो: माशी कापली की गोळी वर जाते. कारण साधं आहे. माशी बुटकी झाली, तर तीच माशी खाचेच्या काठाला भिडवायला नळीचं तोंड थोडं वर उचलावं लागतं. म्हणून कारागीर माशी मुद्दाम उंच देतो आणि नवी रायफल मुद्दाम खाली मारते.

किती कापायची, याचं उत्तर शाळेतल्या समरूप त्रिकोणांत आहे. समजा माशी आणि खाचेत 80 सेंटिमीटर अंतर आहे आणि निशाण 46 मीटरवर. निशाणाचं अंतर 57 ते 58 पट झालं. म्हणजे माशीवरचा 1 मिलिमीटर निशाणावर जवळपास पावणेसहा सेंटिमीटर. भोकं 9 सेंटिमीटर खाली पडत असतील तर माशी सुमारे दीड मिलिमीटर उतरवायची आहे. दीड मिलिमीटर कानशीला काहीच नाही, आठ-दहा जोरदार घासांचा खेळ. शेजारी दोनच हलके घास देतात, कानस खाली ठेवतात, तीन बार मारतात, मग पुन्हा दोन घास. हिशेबाच्या अर्ध्यावर आले की त्या दिवशी थांबतात. कापलेली माशी परत वाढत नाही. नवी बसवावी लागते.

हे काम आधी 25 यार्डांवर ढोबळ करून मग 50 यार्डांवर पक्कं करतात. 50 वर बरोबर बसवलेली 50 कॅलिबरची गोल गोळी 100 यार्डांवर साधारण पाच-सहा इंच खाली लागते. गोल गोळी हवेत वेग फार लवकर गमावते. लांबचा मारा तिचा नव्हेच. आणि उजेडही बघावा. पितळी माशीवर एका बाजूने ऊन पडलं तर तीच बाजू ठळक दिसते आणि डोळा नकळत तिच्याकडे ओढला जातो. उपाय जुना आहे: मेणबत्तीच्या काजळीने माशी काळी करायची.

चकमकीला वेळ लागतो, तोवर हात हलणार नाही का?

हलतो. चाप ओढल्यावर आधी डोळ्यांसमोर रंजक पेटते, मग बार उडतो. मध्ये पापणी मिटायला पुरेल एवढाच वेळ, पण नवखा माणूस तेवढ्यात दचकतो आणि रायफल खाली येते. धार गेलेली गारगोटी किंवा राखेने बुजलेला कान हा वेळ वाढवतो, आणि झुबका पसरतो. म्हणून चाचणीत गारगोटीची धार आणि कान हेही दर काही बारांनी बघतात. बाकीचा इलाज सवयीचा: रंजकीची ज्वाळा दिसली तरी नजर माशीवरून काढायची नाही, गोळी निशाणाला भिडेपर्यंत.

आधुनिक दारू वापरली तर राखेची कटकटच जाईल की

रायफलही जाईल, आणि हातही. काळ्या दारूत सुमारे 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असतं. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू वेगळीच चीज आहे. तेवढ्याच मापात ती कितीतरी जास्त दाब निर्माण करते. ती ठासणीच्या नळीत कधीही घालायची नाही.

दुसरा धोका तितकाच मोठा. गोळी दारूला टेकलेली हवी. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून गजावर नळीच्या तोंडाशी खूण करतात, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. भरताना गज भरलेल्या नळीच्या खुणेपर्यंत उतरला नाही तर गोळी अडकली आहे. भरायच्या आधीच तो त्या खुणेवर थांबला तर नळीत आधीचा बार अजून आहे. दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत दारू ओतत नाहीत, कारण आत एखादी ठिणगी उरली असेल तर ज्वाळा शिंगात शिरेल. बार उडाला नाही तर नळी निशाणाकडेच ठेवून किमान एक मिनिट थांबतात. डोळ्यांना चष्मा, कानांना बोंडं. आणि भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ठासणीच्या चालत्या बंदुकीलाही परवाना लागतो, हे माहीत नसलेले अजून बरेच भेटतात.

दिवस संपला की गरम पाणी आणि साबण. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि रात्रभरात लोखंड गंजवते. धुऊन, वाळवून, तेल लावून ठेवायची, आणि पुढच्या वेळी पहिल्या बाराआधी ते तेल पुसून काढायचं. तेलकट नळीतून पहिली गोळी झुबक्याबाहेर जाते, आणि शिकाऱ्याला बहुतेकदा तेवढाच एक बार मिळतो. शेजारी म्हणूनच चाचणीच्या शेवटी वेगवेगळ्या पाच दिवशी, स्वच्छ नळीतून, रोज एकच बार एकाच कागदावर मारतात. त्या कागदावरचा झुबका ते खरा मानतात.

आबांची बंदूक

मावसभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने आबांच्या बंदुकीच्या आठवणीवर एकेक गोष्ट ताडून पाहिली. नळी आतून गुळगुळीत होती, आटे नव्हते. गोळी सैल होती, वरून नारळाच्या काथ्याचा बोळा. दारू तळहातावर अंदाजाने. शेवटी मी विचारलं, "नेम धरायला खाच होती?" तो जरा थांबला. माशी होती, म्हणाला, पितळेची, टोकाला. मागे काहीच नव्हतं, नुसती नळी.

तशी बंदूक छऱ्यांसाठी असते, जवळच्या माऱ्याची. आबा भिंतीएवढ्या निशाणाला चुकायचे त्यात आबांचा दोष नव्हता. त्या बंदुकीत बसवण्यासारखा नेमच नव्हता.